कुसुमढान्याचा उलटा फेरा

मिलिंद,

तुझी शेवटची नकाशाची शीट आज दुपारी वनखात्याकडे गेली. हे आधी सांगून टाकते, कारण दुसरं काहीही ऐकायच्या आत तू तेच विचारलं असतंस. उशीर झाला, पण जंगलात आगी लागायचे दिवस यायच्या आत गेली. कुसुमढान्याच्या जागी तिच्यावर मी काय लिहिलं, ते मात्र एका वाक्यात सांगण्यासारखं नाही. त्यासाठी मला जरा मागून सांगत यावं लागेल आणि तुला मध्ये न बोलता ऐकावं लागेल. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच जमतंय.

तू गेल्यावर पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. त्यात तुला मनमिळाऊ म्हटलं होतं. विशाखावहिनींनी तो कागद माझ्यापुढे सरकवला, आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तुझ्या घरात भेटायला आलेली माणसं बसलेली असताना आम्हाला हसू आवरेना. ज्याने राजापेठेतल्या चहावाल्याशी त्याच्या पाटीवरच्या बाणावरून भांडण काढलं, कारण बाण उत्तरेकडे आणि दुकान पूर्वेला, तो माणूस मनमिळाऊ. बाण त्याने शेवटी पुसला, आणि गिऱ्हाइकं तरीही येत राहिली, हे तू कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होतास.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. अमरावतीच्या पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हेच्या वर्गात आपण एका गटात पडलो. मी अकोल्याची, भिक्षुकाची मुलगी. बाबा घरी पत्रिका मांडायचे. तू मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातला, वडील छोट्या गाडीच्या रुळावर गँगमन. माझ्या घरचा व्यवसाय कळल्याबरोबर तू सगळ्यांसमोर म्हणालास की हिच्या बाबांचा धंदा आपल्यापेक्षा बरा, ते आकाशाचा नकाशा काढतात, चुकला तरी कोणी वर जाऊन पाहत नाही. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. सुट्टीत घरी गेल्यावर रागारागाने बाबांना सांगितलं, तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे तू घरी यायला लागलास तेव्हा ते मुद्दाम तुझ्यापुढे पत्रिका उघडून बसायचे आणि तू त्यांना ग्रहांचे अंश विचारायचास. तुमचं दोघांचं छान जमायचं. माझं तुम्हा दोघांशीही जमायचं नाही.

कॉलेजमधली एक दुपार मात्र मला भांडणाशिवाय आठवते. नकाशांच्या खोलीत आपल्याला जुन्या शीट चाळायला बसवलं होतं. तू मूर्तिजापूरची शीट शोधून काढलीस, बोट फिरवत तुझं गाव गाठलंस आणि मग बोट गावाच्या बाहेर, जरा पूर्वेला नेलंस. तिथे चार ठिपके होते आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात एका जातीचं नाव. तू म्हणालास, हे आमचं घर. मी खालचं नाव पुन्हा वाचलं. तूच पुढे म्हणालास, अगदी कोरडेपणाने, की नकाशेवाला कधीतरी इथे आला असेल, इथे कोण राहतं असं त्याने कोणाला तरी विचारलं असेल, आणि ज्याने उत्तर दिलं तो आमच्या वस्तीतला नव्हता. एवढं बोलून तू शीट घडी घालून जागेवर ठेवलीस.

तू सर्व्हेत का आलास हे तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. पण पुढे आपल्याला त्या तालुक्याचं काम मिळालं तेव्हा त्या चार ठिपक्यांच्या जागी तू पंचशील नगर लिहिलंस, विहाराची खूण केलीस आणि पाण्याची टाकीसुद्धा सोडली नाहीस. छापून आलेली शीट घेऊन तू वडिलांना दाखवायला गेलास. परत आलास तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले? तू सांगितलंस, त्यांनी नाव वाचलं, मान हलवली आणि मग चष्मा लावून सगळा वेळ रूळ बरोबर दाखवलेत का ते पाहत बसले. तुला त्याचा राग आला होता. मला ते अजून आवडतं.

अमरावतीतच राजापेठेत जिन्याखालच्या खोलीत आपण नकाशांचं ऑफिस थाटलं तेव्हा लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. बाई आणि माणूस मिळून धंदा करतात, त्यातून ती भटाची आणि तो बौद्ध, म्हणजे पुष्कळांची करमणूक झाली. विशाखावहिनी एकदा ऑफिसात येऊन आपल्याला भांडताना पाहून गेल्या आणि घरी जाऊन सासूबाईंना म्हणाल्या, काही काळजी करू नका. तो विषय त्या दिवशी संपला.

मग मेळघाटाचं काम आलं. सातपुड्याचा तो सगळा पट्टा, डोंगर, दऱ्या, ओढे, वाटा, चौकोन पाडून एकेका चौकोनाची एकेक शीट. आपण नवा ड्रोन घेतला होता आणि मी त्याच्यावर फार खूश होते. एका खोल दरीत अर्जुनाची जुनी झाडं काठोकाठ भरलेली. यंत्राने झाडांच्या शेंड्यांनाच जमीन मानलं आणि मीही ऑफिसात बसून तिथे बिनदिक्कत पठार काढलं. तू दुसऱ्याच कामासाठी त्या बाजूला गेला होतास. शीटवर सपाट दिसतंय, तर आडवा जाऊन वेळ वाचवू म्हणालास. संध्याकाळी परत आलास तो कमरेपर्यंत ओला आणि कोपरं सोललेला. पाणी प्यालास आणि मग म्हणालास, "शुभे, तुझ्या पठारावर पानी वाहून राह्यलं." ती दरी आपल्या ऑफिसात कायमची शुभदा पठार झाली. नवीन माणूस आला की तू त्याला पहिल्याच दिवशी ते दाखवायचास.

माझी पाळी यायला फार दिवस लागले नाहीत. तुझ्या एका शीटवर डोंगराच्या सोंडेवरून जाणारी सुरेख पायवाट होती. मी तिच्यावरून चालत गेले. वाट खरोखरच सुरेख होती, आणि शेवटी ज्या डबक्याशी संपली तिथे गव्यांचा कळप चिखलात बसला होता. मी जशी गेले तशी पावलं मागे टाकत परतले. तुला विचारलं, तर तुला जराही लाज नाही. म्हणालास, वाट होती ना? कोणाची ते तू विचारलंच नाहीस.

त्यानंतर आपण तो नियम केला. ज्याने शीट काढली त्याने ती तपासायची नाही. दुसऱ्याने ती घेऊन डोंगरात जायचं, पहिल्याने जिथे काम संपवलं तिथून सुरुवात करायची आणि उलट दिशेने चालत यायचं. आलेल्या दिशेनेच परत गेलं तर डोळे पाहिलेलंच पाहतात, उलट चाललं की डोंगराची पाठ दिसते, असं तुझं म्हणणं होतं. उलटा फेरा, असं आपण त्याला म्हणायचो. चूक काढायच्या इराद्यानेच जायचं, आणि सापडली नाही तर जरा वाईट वाटून घ्यायचं. चार पाय लागल्याशिवाय शीट ऑफिसाबाहेर जात नाही, हे खात्यातल्या साहेबांनाही पाठ झालं होतं. शीटच्या कोपऱ्यात दोन सह्या असायच्या, काढणाऱ्याची आणि फेरा मारणाऱ्याची. फेऱ्यात कोणी काही बदललं, तर तेवढा बदल पाहायला पहिल्याने पुन्हा जायचं. या नियमाने आपण कित्येकदा तोट्यात गेलो, पण मोडला नाही.

दुसरा नियम एकट्या तुझा होता. जे पायाला लागतं ते लिहायचं. ऐकलेलं, आठवणीतलं, जुन्या कागदावरचं लिहायचं नाही.

आणि त्यावरूनच आपलं शेवटचं भांडण झालं. अकोटच्या वरच्या डोंगरातली ही शीट तू काढलीस. जुन्या शीटवर तिथे कुसुमढाना लिहिलेलं आहे, कोरकू लोकांचं गाव. ते गाव काही वर्षांपूर्वी व्याघ्रप्रकल्पासाठी उठून अकोटच्या खालच्या मैदानात वसलं. तुझ्या शीटवर त्या जागी मोकळी जागा, आंब्याची झाडं आणि बंद पडलेला हातपंप, एवढंच होतं. नाव नव्हतं. मी विचारलं, नाव राहिलं का?

"काहून लिहू? गाव हाये का तिथं?"

मी म्हणाले, पिढ्यानपिढ्या होतं. जुन्या शीटवर आहे. आपण पुसलं तर तिथे गाव होतं हे पुढे कोणाला कळणार?

"ते लोक मेले नाही, शुभे. खाली गेले. नाव सोबत घेऊन गेले," तू म्हणालास. मग तू मला ऐकवत बसलास. खाली फाट्यावर कुसुमढान्याची पाटी आहे, एस्टी थांबते, शाळा आहे, बाळंतपणाला कोणाला खाटेवर घालून डोंगर उतरावा लागत नाही. काही जण खुशीने गेले, काही जण नाखुशीने, पण गेले. एकाच नावाची दोन गावं नकाशावर ठेवली आणि वणव्याच्या दिवसांत कोणी आग विझवायला निघालं, तर ते नेमकं चुकीच्या कुसुमढान्यात पोचेल. हे सगळं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. तू एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण तू म्हणालास, तुला ते लोक जंगलात बरे दिसतात, त्यांना दवाखाना लागतो.

मला ते लागलं. मी म्हणाले की नकाशावरचं नाव म्हणजे काय असतं हे तुला मी सांगायला नको.

तू खुर्ची मागे सरकवलीस. मला वाटलं, आता उठून जाशील. मग म्हणालास, "मलेच माहीत हाये, म्हणूनच. जुन्या कागदावर हाये म्हणून ते खरं, असं मी नाही मानत. मी त्याच कागदातून आलो."

मला गप्प तर बसायचं नव्हतंच. मी म्हणाले, मला पटलेलं नाही. तू शीटची गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवलीस. "उलटा फेरा मारून ये. मंग बोलू."

तो शुक्रवार होता. शनिवारी तू अकोल्याला बहिणीकडे गेलास. पुढचं तुला माहीत आहे, किंवा नाही. तिथून तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते, आणि फोन ठेवल्यावर उरलेली भाजीही निवडून टाकली. दवाखान्यात, मग तुझ्या घरी, मग पुढचे सगळे दिवस मी पुष्कळ कामं नीट केली. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. तसं काही नव्हतं. आपल्याला बोलायचं होतं आणि ते राहिलं, एवढीच एक गोष्ट माझ्या डोक्यात होती, आणि ती इतकी साधी होती की तिच्यावर रडूही येत नव्हतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, यांचं काही काम अडलं आहे का तुमच्याकडे? मी म्हणाले, एक शीट आहे, फेरा व्हायचाय. त्यांनी विचारलं, मग अडवून का ठेवली? मी काहीतरी सांगितलं, पाय दुखतात, खात्याने मुदत वाढवून दिली आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

"यायची शीट अर्धी राहू देऊ नका, ताई," त्या म्हणाल्या. "त्यायनं काढेल तुमीच पाहा लागते ना? मंग जा."

खरं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं, तुला सांगते. शीट माझ्या टेबलावर होती. पेन माझ्या हातात होतं. कुसुमढाना लिहायला मला अडवणारं आता कोणी नव्हतं. आणि नेमकी हीच पंचाईत होती. तुला हरवून नाव लिहिलं असतं तर मी पेढे वाटले असते. तू नाहीस म्हणून लिहायचं, याला काय म्हणायचं ते मला कळेना. न लिहिता पाठवायचं, तर तू नाहीस म्हणून मी माझं म्हणणं सोडलं असं झालं असतं. दोन्हीकडून मला तुझा अपमान केल्यासारखं वाटायचं. शीट अर्धी ठेवणं त्या मानाने सोपं होतं.

पण वहिनींनी जा म्हटलं आणि मी गेले. पोपटखेडच्या बाजूने वर चढले, सोबतीला वनरक्षक सुनीता होती. ती अबोल मुलगी आहे, तुला आवडली असती. तू जिथे काम संपवलं होतंस तिथून मी सुरुवात केली. पळसाला काळ्या कळ्या धरल्या होत्या, बाकी सागाची पानं गळून डोंगर मोकळा झाला होता. अशा दिवसांत जमीन जशी आहे तशी दिसते. तुझ्या उंचीच्या रेषा बरोबर होत्या. वाटा बरोबर होत्या, आणि माणसांच्या होत्या. एक ओढा तू जरा जास्त पूर्वेला ढकलला आहेस, तो मी सरळ केला आणि मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. मनात म्हटलं, सापडला. तू असतास तर म्हणाला असतास, ओढाच सरकला असेल.

दुपारच्या सुमाराला कुसुमढान्याच्या जागी पोचलो. तू लिहिलं होतंस तसंच होतं. मोकळी जागा, आंबे, हातपंप. घरांचे ओटे तेवढे अजून ओळखू येतात. मी शीटवर एकेक खूण करत गेले आणि तू काढलेलं सगळं तिथे होतं. तुझ्या नियमाने पाहिलं तर शीट पुरी झाली होती. नाव लिहावं असं तिथे काही नव्हतं, हे मला त्या ओट्यांकडे पाहताना मान्य करावं लागलं. ओटा म्हणजे काही गाव नव्हे.

तेवढ्यात सुनीता म्हणाली, धूर आहे. आम्ही दोघी घाबरून त्या दिशेने धावलो. आंब्यांच्या मागे उतारावर एक थोरलं मोहाचं झाड आहे. तुझ्या शीटवर ते नाही. तू पावसाळा सरता सरता आला होतास, गवत छातीएवढं असणार, तुला तिकडचं काही दिसलंच नसेल. त्या झाडाखाली चूल पेटली होती, भाताचं पातेलं चढलं होतं आणि दहा-बारा माणसं बसली होती. खालच्या कुसुमढान्यातलीच. वनखात्याच्या गेटवर रीतसर नोंद करून आली होती.

आणि त्यांच्यामागे, मिलिंद, मुंड्यांची रांग होती. सागाच्या जाड फळ्या, जमिनीत उभ्या पुरलेल्या. प्रत्येकीवर वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार कोरलेला. कोरकूंच्या घरात कोणी गेलं की पुढे सवडीने सिडोली नावाचा विधी करतात आणि त्या माणसाच्या नावाने असा मुंडा कोरून गावच्या झाडाखाली, आधी गेलेल्यांच्या शेजारी उभा करतात. हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. ऐकून माहीत होतं. जुने मुंडे ऊन-पावसाने राखाडी झाले होते, काही कलले होते, काहींवरचं कोरीवकाम बोटाने चाचपावं लागत होतं. रांगेच्या टोकाला एक नवा होता, लाकूड अजून पिवळं.

तो बाबूलाल नावाच्या म्हाताऱ्याच्या बायकोचा होता. त्याने आम्हाला बसायला घोंगडी दिली आणि भात खाऊन जा म्हणाला. बायको खालीच वारली, नव्या घरात. घर चांगलं आहे, नळ आहे, तिला नळाचं फार कौतुक होतं, हेही त्याने सांगितलं. परत वर येऊन राहाल का, असं मी विचारलं तर त्याने माझ्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं. मग मी शीट त्याच्यासमोर पसरली, ही जागा दाखवली आणि विचारलं की इथे कुसुमढाना लिहू का.

"गाव तं खाली हाये, बाई," तो म्हणाला. "इथं गाव नका लिहू. पाव्हना चुकून वर येऊन जाईन."

मी तुझ्याशी इतकं भांडले, आणि त्याने तुझंच म्हणणं मला ऐकवलं. मी विचारलं, मग इथे काहीच नको लिहायला?

त्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं. "आमचे मेलेले इथंच हायेत ना. त्यायले कोनी खाली चाला म्हनलंच नाही." आणि मग अगदी सहज, भात उतरवायला सांगावं तसं म्हणाला, "मुंडा लिहा. बस."

मला तुझी आठवण तेव्हा आली. त्याआधी येत नव्हती असं नाही, पण तेव्हा आली ती वेगळी. मी उठून जवळच्या दगडावर जाऊन बसले आणि पुष्कळ रडले. सुनीताने पाणी आणून दिलं. त्या लोकांना त्यात वावगं काही वाटलं नसावं, ते रडण्यासाठीच आले होते. एका बाईने मला विचारलं, तुमचं कोण गेलं? मी म्हणाले, माझ्या ऑफिसातला. तिने मान हलवली आणि माझ्यापुढे भाताचं पान ठेवलं.

परतीच्या वाटेवर मला ती कॉलेजमधली दुपार आठवली. नकाशेवाल्याने कोणाला तरी विचारलं आणि उत्तर देणारा वस्तीतला नव्हता. त्या नकाशेवाल्याने निदान विचारलं तरी होतं. तू आणि मी तावातावाने भांडलो, तू तुझ्या वस्तीवरून, मी माझ्या जुन्या कागदावरून, आणि खालचं कुसुमढाना अकोटपासून एस्टीच्या वाटेवर असूनही आपल्यापैकी एकालाही तिथे उतरून विचारावंसं वाटलं नाही. मी एकटीने केलेली चूक असती तर तू मला जन्मभर चिडवलं असतंस. दोघांनी मिळून केली, म्हणून आता चिडवायलाही कोणी नाही.

नावाबद्दल तू बरोबर होतास. हे लिहून देते, कारण तोंडाने मी ते कधी म्हटलं नसतं. ती जागा कोरी नाही असं मी म्हणत होते, तेही बरोबर होतं. तेही लिहून ठेवते, कारण तू कधी म्हटलं नसतंस. मंग बोलू, म्हणाला होतास. हेच बोलायचं होतं.

काल ऑफिसात बसून शीट पुरी केली. ओढा सरकवला. थोरलं मोहाचं झाड काढलं. त्याच्याखाली बारीक अक्षरात मुंडा लिहिलं. कुसुमढाना लिहिलं नाही. आज सकाळी वहिनी आल्या, त्यांनी शीट टेबलावर सरळ करून पाहिली आणि बोटाने तुझी सही शोधली. मग त्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे अक्षर यांचं नाही ना? नाही, माझं आहे, म्हणाले. त्यांनी शीट गुंडाळून माझ्या हातात दिली. पण नियम त्यांनाही माहीत आहे.

कोपऱ्यात दोन सह्या आहेत, काढली तू, फेरा मी. डोंगर, दऱ्या, वाटा, हातपंप, सगळ्याला चार पाय लागलेत. मुंडा या शब्दाला दोनच लागले. त्याचा उलटा फेरा तुझ्याकडे राहिला.

— शुभदा